तयार कशासाठी?

एर्सिलियाला लोक चौकशीखोर म्हणायचे आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. शेजारणीनं डुक्कर विकलं तर ते कुणाला विकलं, का विकलं आणि आता घरातलं शिळंपाकं कुणापुढे टाकणार, हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली कॉफी उतरत नसे. एकदा आमच्या चर्चमध्ये बिशप आले होते. सगळे त्यांच्या अंगठीवर ओठ टेकून पुढं सरकत होते, तर हिनं त्यांना विचारलं, एवढ्या जाड झग्यात उकडत नाही का आणि आत काय घालता. बिशप हसले. मी तिच्या पाठीमागेच उभी होते, मला तोंड लपवायला जागा सापडेना.

मी तोमासिना. साखर कारखान्याच्या आमच्या गावात जो दवाखाना आहे, त्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात झाडलोट आणि चादरी धुणं माझ्याकडे होतं. माझ्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला एर्सिलियानं त्याला हातात धरलं होतं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. हे नातं बहिणीपेक्षा जवळचं, कारण बहिणीशी भांडून अबोला धरता येतो, कोमाद्रेशी नाही.

आधी ती बायकांचे केस सरळ करायची. घराच्या पडवीत दोन खुर्च्या आणि एक ड्रायर. ड्रायरखाली बसलेली बाई खरं बोलते, असं तिचं म्हणणं, कारण त्या घरघरीत तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. ते बरोबर होतं. फक्त बाई त्यामुळे ओरडून खरं बोलायची आणि ते सगळी गल्ली ऐकायची. आमच्या वॉर्डची सिस्टरही तिथंच केस करून घ्यायची. दवाखान्याला बाळंतिणींशी पाळणा लांबवण्याबद्दल बोलायला एक बाई हवी होती, तेव्हा सिस्टर म्हणाली, ‘मला अशी एक माहीत आहे, की जिला न बोलण्याचेच पैसे द्यावे लागतील.’ एर्सिलियाला राजधानीत शिकायला धाडलं. येताना ती एक पिशवी घेऊन आली. त्यात गोळ्यांची पाकिटं, तांबी, निरोध आणि बाईच्या पोटात आत काय असतं ते दाखवणारं एक रबरी सोंग होतं.

निरोध कसा चढवायचा हे ती हिरव्या केळ्यावर दाखवायची. वॉर्डात हशा पिकायचा. टाके घातलेल्या बाया पोट धरून म्हणायच्या, ‘दोन्या एर्सिलिया, पुरे, टाके उसवतील.’ मानाच्या बाईला आमच्याकडे दोन्या म्हणतात. एकीनं विचारलं, ‘एवढं मोठं कुठल्या गावात मिळतं?’ शिकवून झालं की एर्सिलिया ते केळं सोलून, चिरून, तळून खायची. माझ्यापुढेही बशी सरकवायची. मी कधी घेतलं नाही.

पण तिची काम करायची तऱ्हा बघण्यासारखी होती. ‘किती मुलं हवीत?’ असं ती कुणालाच विचारायची नाही. ते विचारलं की प्रत्येक बाई एकच उत्तर देते, देव देईल तितकी. एर्सिलिया खाटेच्या कडेला टेकायची आणि भलतंच काहीतरी काढायची. घरी आता भात कोण शिजवतंय? नवरा? त्याला येतो? मग करपलेला कोण खातं? धाकट्याला शेवटचं कधी ताप आला होता, रात्री कोण उठलं? सासूची खाट कुठं असते? असं करत करत बाई आपणहून म्हणायची, ‘खरं सांगू का, दोन्या, मला आता थोडी वर्षं श्वास घ्यायचाय.’ मग पिशवी उघडायची. मी फरशी पुसता पुसता हे ऐकायची. कधी कधी एकच फरशी पुन्हा पुन्हा पुसायची.

आता एक शब्द सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशीच अडलं. मूल न होण्याचं ऑपरेशन करून घेतलेल्या बाईला आमच्याकडे ‘तयार झालेली’ म्हणतात. ऑपरेशन, नळ्या, बांधणं असलं कुणी तोंडातून काढत नाही. ‘तू तयार झालीस का गं?’ ‘हो, धाकट्याच्या वेळी.’ संपलं. असं का म्हणतात ते एर्सिलियानं डॉक्टरांपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना विचारून पाहिलं, कुणालाच सांगता आलं नाही. एकदा राजधानीतून एक उपदेशक वॉर्डात आला आणि हात वर करून गरजला, ‘बहिणींनो, प्रभू येणार आहे, तुम्ही तयार आहात का?’ खिडकीजवळची बाई म्हणाली, ‘मी केव्हाचीच, साहेब, तिसऱ्या मुलाच्या वेळी.’ तिच्या पलीकडची म्हणाली, ‘मला व्हायचंय, पण माझा नवरा नको म्हणतो.’ बिचाऱ्याला कळेना, प्रभूच्या येण्याला हिच्या नवऱ्याची काय हरकत.

गेर्दा आमच्याकडे आली ती ऊसतोडीच्या हंगामात. त्या दिवसांत शेतं पेटवतात आणि काळी राख उडत येऊन वाळत घातलेल्या चादरींवर बसते, त्यामुळे मी आधीच तापलेली असते. गेर्दा सीमेपलीकडची, हैतीची. नवरा विल्नेर ऊस तोडायचा आणि सगळं कुटुंब गावाबाहेर तोडणीवाल्यांच्या वस्तीत राहायचं. आमच्या भाषेतले तिला चार शब्द यायचे आणि ते चारही उसाचे. हे तिचं पाचवं बाळंतपण. मुलगी झाली, ठणठणीत, पण आईचं रक्त काही थांबेना. डॉक्टर पेगेरो तरुण माणूस, चिडका, पण हाताला यश असलेला. त्यानं तिला अक्षरशः ओढून परत आणलं. नंतर तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मग एवढंच म्हणाला, ‘पुढच्या खेपेला वस्तीवरून इथं पोचेपर्यंत ही संपलेली असेल.’

म्हणून ती तयार झाली तर बरं, असं सगळ्यांनाच वाटत होतं. भूल देणारा डॉक्टर दुसऱ्या गावाहून फक्त गुरुवारी यायचा. बुधवारी सिस्टरनं गेर्दाला विचारलं, ‘तयार होणार का गं, पोरी?’

गेर्दानं जोरजोरात मान डोलावली. ‘पारे, पारे.’ त्यांच्या भाषेत पारे म्हणजे तयार, आमच्या शब्दाशी कानालाही जुळणारा, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मग एर्सिलिया जाऊन बसली. एरवी हैतीची बाई असली की ती फाटकाशी नारळाच्या वड्या विकणाऱ्या फिफीनला आत बोलवायची. म्हातारी फिफीन हैतीचीच, पण तिचे केस आमच्या गावात पिकलेले. त्या दिवशी फिफीन आलेली नव्हती. एर्सिलियानं हातांनीच सांगितलं. पोटावर हात फिरवला, बोटांची कात्री केली, बाळ झुलवल्यासारखं करून मान हलवली, नाही, परत नाही. गेर्दा तिच्या तोंडाकडे बघत हसत होती. प्रत्येक खुणेला ‘वी, वी’, म्हणजे हो, हो. शेवटी एर्सिलियानं विचारलं, ‘मग तयार?’

‘पारे,’ गेर्दा म्हणाली.

‘बघ कोमाद्रे,’ एर्सिलिया मला म्हणाली, ‘किती समंजस आहे. मला घसा कोरडा करावा लागला नाही.’

गुरुवारी सकाळी मी त्या बाजूची फरशी पुसत होते आणि पाहते तो काय, गेर्दा खाटेवर बूट घालून बसलेली. पुरुषाचे जुने बूट, कडेला फाटलेले आणि माझ्या पांढऱ्या चादरीवर. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, कानात कापूस, बाळ गुंडाळून छातीशी, शेजारी कपड्यांचं बोचकं. मी म्हटलं, ‘पाय खाली घे, बाई. ती चादर तू धुणार आहेस का?’ ती हसली आणि पाय तसेच. या वस्तीवाल्यांना सांगून उपयोग नाही, असं मी मोठ्यानं म्हटलं. तेव्हा मी अशी बोलायची.

एर्सिलिया दारात सिस्टरशी बोलत होती. ती वळली. ‘काय झालं?’

‘बूट घातलेत.’

‘का?’

‘मला काय माहीत का. थंडी वाजत असेल.’

‘नाड्या बांधल्यात?’

‘आता नाड्या पण बघू का मी?’

पण तिच्या डोक्यात किडा शिरला होता. ऑपरेशनच्या खोलीत लाल दिवा लागला होता, चाकांची ढकलखाट दाराशी येऊन उभी होती, डॉक्टरांचे हात धुऊन झाले होते आणि ही बाई बुटांच्या नाड्या बघायला गेली. नाड्या बांधलेल्या होत्या, दुहेरी गाठ मारून. ‘कोमाद्रे,’ ती म्हणाली, ‘पोट कापून घ्यायला निघालेली बाई बूट काढते. घालते ती कुठंतरी जायला.’ तिनं बुटांकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या.

गेर्दाचा चेहरा उजळला. ‘पारे,’ ती म्हणाली आणि बोचक्यावर थाप मारली. मग दाराकडे बोट केलं, दारापलीकडे रस्त्याकडे, रस्त्यापलीकडे उसाकडे. हाताची उंची कमी कमी करत तिनं चार मुलं दाखवली. घरी असलेली.

  एर्सिलियानं ढकलखाट पायानं मागं सारली आणि फाटकाकडे पळत सुटली. वजनदार बाई, तिला पळताना मी पहिल्यांदा पाहिलं.

फिफीन नुकतीच ताट मांडत होती. ती वड्या सोडून यायला तयार नाही. ‘माशा बसतील, कुत्रं तोंड घालेल.’ शेवटी वड्यांच्या ताटासकट आली, ताट डोक्यावर. तेवढ्यात डॉक्टर पेगेरो बाहेर आला, हात हवेत धरून. ‘दोन्या एर्सिलिया, काय चाललंय? बाई हो म्हणाली ना?’

‘हो म्हणाली,’ एर्सिलिया म्हणाली. ‘कशाला म्हणाली ते बघते.’

फिफीननं गेर्दाला काहीतरी विचारलं. गेर्दानं उत्तर दिलं. फिफीननं ताट हळूच खाली ठेवलं.

‘अगं बायांनो,’ ती म्हणाली, ‘आमच्याकडे पारे म्हणजे निघायला सज्ज. ही म्हणते, काल एका सिस्टरनं विचारलं, मग या जाड्या दोन्यानं विचारलं, घरी जायला सज्ज आहेस का. ही म्हणाली, सज्ज आहे. सकाळपासून बसलीय. विचारते, गाडी कधी निघणार.’ तिनं ढकलखाटेकडे हात केला. ‘ही तिला घरी नेणारी गाडी वाटतेय.’

 मग फिफीननं तिला खरं काय ते सांगितलं. गेर्दा आधी हसली, तिला फिफीन थट्टा करतेय असं वाटलं. मग एर्सिलियाकडे बघितलं, डॉक्टरच्या हवेतल्या हातांकडे बघितलं. तिनं बाळ इतकं आवळलं की ते रडायला लागलं.

‘विचारते, मी असं म्हणाले हे कुणी ठरवलं?’ फिफीन म्हणाली.

‘मी,’ एर्सिलिया म्हणाली. सिस्टर दारातच होती, तिनं मान फिरवली.

मला वाटलं, आता ही बाई बोचकं उचलून पळणार. पण गेर्दा बसून राहिली आणि प्रश्न विचारायला लागली. एर्सिलियाला तोडीस तोड बाई मी आयुष्यात ही एकच पाहिली. ते कापतात की बांधतात? दुखतं का? ऊस भरायला जाता येतं का? पाळी येते का? नवऱ्याला कळतं का? केल्यावर बाई वाळते म्हणतात ते खरं का? फिफीन भाषांतर करायची, पण मधेच आपलंही घालायची. गेर्दा भलीमोठी बोलली की फिफीन दोन शब्दांत उरकायची आणि गेर्दा एक शब्द बोलली की फिफीनचं व्याख्यान.

‘फिफीन, ती एवढी बोलली, त्याचं एवढंसंच?’ एर्सिलिया म्हणायची.

‘बाकीचं नवऱ्याबद्दल होतं.’

‘ते पण सांग. मला तेच हवंय.’

मग गेर्दानं एर्सिलियाकडे बोट करून काहीतरी विचारलं. फिफीननं डोळे मिचकावले. ‘विचारते, हिनं स्वतः केलंय का?’

‘केलंय,’ एर्सिलिया म्हणाली.

‘तुला करायचं होतं का?’ गेर्दाचा पुढचा प्रश्न फिफीननं सांगितला.

 सगळ्या गावाला सगळं विचारत फिरणाऱ्या त्या बाईला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, तिची कोमाद्रे असून. ‘मी तरुण होते,’ ती शेवटी म्हणाली. ‘सगळ्या बाया तयार होत होत्या. तेव्हाच्या सिस्टरला घाई होती. मी हो म्हटलं. नंतर वर्षभर बाजारात बाळाचे कपडे दिसले की मी हात लावून बघायची.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘हेही सांग तिला. लपवू नको. आणि हेही सांग, की तिचं रक्त थांबत नव्हतं. पुढचं मूल तिला घेऊन जाईल, हे डॉक्टर उगाच म्हणत नाहीत.’

डॉक्टर पेगेरो भिंतीला टेकून उभा होता. चिडला होता, पण आवाज चढवला नाही त्यानं. ‘ती आज गेली तर परत येणार नाही,’ तो म्हणाला. ‘येत नाहीत ती माणसं. हंगाम संपला की वस्ती रिकामी. मग एक दिवस तिला बैलगाडीतून आणतील. तेव्हा मला बोलवू नका.’ त्याचंही चूक नव्हतं. त्यानं तिचं रक्त आपल्या हातांवर पाहिलेलं होतं.

गेर्दानं सगळं ऐकून घेतलं. मग खाटेवरून उतरली.

‘म्हणते, आज नाही. विचारते आणि मग सांगते,’ फिफीन म्हणाली.

‘कुणाला विचारणार? नवऱ्याला?’

फिफीननं विचारलं. गेर्दा बोचक्याची गाठ आवळत राहिली. एर्सिलियानं तिला गोळ्यांची पाकिटं दिली, अंगावर पाजतानाही चालतात त्या, कशा घ्यायच्या ते फिफीनकडून तीनतीनदा वदवून घेतलं आणि ती बाई बाळ आणि बोचकं घेऊन उन्हात चालती झाली. रस्त्यावर उसाच्या मळीचा वास येत होता.

बाळंतिणीचे चाळीस दिवस एर्सिलियानं कसे काढले ते मला विचारा. गेर्दा येणार की नाही, कुणाला विचारणार आणि काय विचारणार, याशिवाय तिच्या तोंडात दुसरी गोष्ट नाही. उसाच्या गाड्या हाकणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारायची, वस्तीवर अमुक बाई आहे ना, कशी आहे. ते म्हणायचे, तिथं सगळ्याच बाया अमुक. रात्रीची झोप उडाली होती तिची. मला म्हणायची, ‘कोमाद्रे, ती मेली तर मी मारली. आणि त्या दिवशी आत गेली असती, तरी मीच काहीतरी मारलं असतं. हे असं कसं?’  मी कपात कॉफी ओतायची.

एकदा ती वस्तीवर जायला निघाली. फाटकाशी फिफीननं तिची वाट अडवली. ‘जाऊ नको. तुला बघितलं की ती परत हो म्हणेल. आमच्या बाया साहेब दिसला, बाई दिसली, की हो म्हणतात. हो म्हटलं की माणसं निघून जातात. तू थांब.’ चौकशीखोर बाईला थांब म्हणजे काय शिक्षा, हे फिफीनला ठाऊक होतं. तरी एर्सिलिया थांबली.

त्या दिवसांपासून तिनं वॉर्डात एक नवीनच चालू केलं. बाई म्हणाली, मला तयार व्हायचंय, की ही वेड पांघरून विचारायची, ‘म्हणजे काय करतात गं? तुझ्या शब्दांत सांग.’ बाया हसायच्या. ‘दोन्या, एवढी वर्षं काम करता आणि माहीत नाही?’ ‘नाही माहीत, सांग.’ त्या सांगायच्या आणि सांगता सांगता एखादी थबकायची. एकीला वाटायचं, गाठ मारतात ती पुढं सोडता येते. गावातलीच बाई, आमचीच भाषा बोलणारी. एर्सिलिया माझ्याकडे बघायची आणि मी फरशीकडे.

पावसाच्या आधी, हंगाम सरत आलेला असताना, एका सकाळी गेर्दा आली. बाळ पाठीला बांधलेलं, गुटगुटीत. एर्सिलियानं तिला पाहिलं आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. रक्त थांबलं का, गोळ्या घेतल्या का, विल्नेर काय म्हणाला, पोरं कुणापाशी ठेवलीत. फिफीन वड्यांचं ताट घेऊन मागोमाग आली होती, पण गेर्दानं हात वर केला आणि एर्सिलिया गप्प झाली. मी फरशीचं फडकं बादलीत टाकलं. मलाही ऐकायचं होतं.

गेर्दाच्या मागं आणखी एक बाई उभी होती. माझ्या वयाची, हडकुळी, तिचं नाव द्यूला. ती दाराची चौकट धरून उभी राहिली, आत येईना. गेर्दा बराच वेळ बोलली. या वेळी फिफीननं पदरचं काहीही घातलं नाही.

‘ती म्हणते, मी घरी जाऊन वस्तीवरच्या बायांना विचारत फिरले. हे तयार होणं कुणाला माहीत आहे का, कुणाचं झालंय का, कसं वाटतं. कुणालाच माहीत नव्हतं. पण द्यूला म्हणाली, त्या दवाखान्यात मला पण हेच विचारलं होतं. मी पण पारे म्हटलं होतं.’

द्यूला पुढं आली. आमच्या सगळ्यांच्या देखत तिनं झंपर वर केला. बेंबीच्या खाली एक बारीक, पांढुरका व्रण होता, बोटाच्या पेराएवढा.

‘दुसऱ्या मुलाच्या वेळचा,’ फिफीन म्हणाली. ‘तिला वाटलं, बाळंतपणातच काहीतरी करावं लागलं असेल. त्यानंतर पाळणा हलला नाही. नवरा दुसरीकडे गेला. ही भगताकडे गेली, त्यानं सांगितलं, मेलेली सासू रागावलीय. बकऱ्या दिल्या, पाल्याच्या पाण्यानं आंघोळी केल्या. अजून जाते.’ फिफीननं गेर्दाकडे बोट केलं. ‘गेर्दा म्हणते, हे तेच आहे का? आधी हिला सांग. मग मला विचार.’

एर्सिलियाकडे वाटा बऱ्याच होत्या. डॉक्टरांना विचारून सांगते, म्हणता आलं असतं. किती वर्षं झाली, कोणता डॉक्टर होता, कुणी विचारलं, असे प्रश्न करता आले असते आणि एर्सिलियाच्या तोंडून ते शोभलेही असते. सिस्टर दारातून तिला डोळ्यांनी खुणावत होती, गप्प राहा. सिस्टरनंच तिला ही नोकरी लावून दिली होती. मी माझ्या कोमाद्रेला ओळखते, प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आलेला मला दिसला. तिनं तो गिळला.

तिनं द्यूलाच्या व्रणावर बोट ठेवलं. ‘हो,’ ती म्हणाली. ‘हे तेच आहे. हे उलटवता येत नाही. तुझी सासू रागावलेली नाही, कुणी करणी केलेली नाही. हे इथंच झालं, याच वॉर्डात, तुला न सांगता. तेव्हा मी इथं असेन. कदाचित मीच तुझ्यापाशी बसले असेन. मला आठवत नाही, बाई.’

फिफीननं ते सांगितलं. द्यूलानं ऐकलं. झंपर खाली केला, दोन्ही हातांनी सारखा केला, त्याची चुणी काढली. मग काहीतरी पुटपुटली.

‘म्हणते,’ फिफीन म्हणाली, ‘म्हणजे बकऱ्या उगाच गेल्या.’

एर्सिलिया रडायला लागली. मोठ्यानं, लहान पोरासारखी, नाक न पुसता. मला लाज वाटत होती, तिची नाही, माझी आणि त्या धुतलेल्या पांढऱ्या चादरींची. द्यूला रडली नाही. तिनं फिफीनच्या ताटातली एक वडी उचलली आणि हातात धरून उभी राहिली, खाल्ली नाही. फिफीननं तिला उचलू दिली. वॉर्डात बाळं कुरकुरत होती.

मग गेर्दानं पाठीवरचं मूल सोडवून माझ्या हातात दिलं. खाटेच्या कडेला बसली, एर्सिलियाला मनगटाला धरून शेजारी बसवलं आणि आमच्या भाषेत, वस्तीवरून घोकून आणल्यासारखं एकेक अक्षर जपून, म्हणाली, ‘आता विचार.’